डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा

पावसाळा ओसरू लागला की नागपूर जिल्ह्यात डासांचा सुकाळ होतो. पूर्वेकडील रामटेक, मौदा, कुही व भिवापूर या तालुक्यांत धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. पश्चिमेकडील काटोल, नरखेड व कळमेश्वर या तालुक्यांत संत्र्याच्या बागांतील विहिरी काठोकाठ येतात. गोठ्याजवळचे हौद, घरामागील टाकी, रस्त्याकडेची डबकी या सर्वांत पाणी साठून राहते. याच सुमारास धानाची निसवण होते, सोयाबीन कापणीस येतो आणि कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते. अशा ऐन हंगामात घरातील कर्ता माणूस हिवतापाने किंवा डेंग्यूने अंथरुणास खिळला तर त्या कुटुंबाचे वर्षाचे गणित बिघडते. हत्तीरोगाचा उपद्रवही पूर्व विदर्भास दीर्घकाळापासून परिचित आहे. हे तीनही रोग डासांच्या मार्फत पसरतात.

डासांविरुद्ध माणसाच्या बाजूने काम करणारा एक लहानसा जीव म्हणजे गप्पी मासा होय. हिवताप व हत्तीरोग निर्मूलनाचे काम करणारे कर्मचारी विहिरींत व साचलेल्या पाण्यात हा मासा सोडतात, हे नागपूर शहरातील व जिल्ह्यातील अनेकांनी पाहिले असेल. तथापि हा मासा कोठून आला, तो कसा जगतो, त्याची वाढ कशी होते आणि तो कोठे सोडावा व कोठे सोडू नये, याची माहिती फारच थोड्यांना असते. ही माहिती नसल्यास उपकारक माशाचाही अपकार होऊ शकतो. म्हणून या विषयाचा नीट विचार होणे अगत्याचे आहे.

डासाचे बालपण पाण्यात

सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूची वाढ होत असल्याचे आढळले. त्यानंतर डासांचा बंदोबस्त हा हिवतापाशी लढण्याचा एक प्रमुख मार्ग ठरला. उडणाऱ्या डासाला गाठणे कठीण असते. परंतु प्रत्येक डासाचे बालपण पाण्यात जाते. मादी पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीपासून कोष आणि कोषातून डास, अशी ही वाढ उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत पुरी होते. या मुदतीत अळी श्वासासाठी वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर येते आणि तिला पळून जाण्यास वाव नसतो. शत्रूला गाठण्याची हीच वेळ होय.

सर्व डास एकाच प्रकारच्या पाण्यात वाढत नाहीत. हिवताप पसरविणाऱ्या ॲनोफेलिस डासांपैकी एक जात विहिरी, हौद व छतावरील टाक्या यांतील स्वच्छ पाणी पसंत करते, तर खेड्यातील दुसरी जात पाट, ओढ्यातील डबकी व शेतातील साचलेले पाणी निवडते. डेंग्यूचा एडिस डास रांजण, कुंड्या, फुटके टायर व कूलर यांत वाढतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स डास गटाराच्या घाण पाण्यात वाढतो. उपाय योजताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

माशाचे मूळ व नाव

गप्पी मासा मूळचा आपल्या देशातील नाही. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हेनेझुएला, गयाना आणि त्यांच्याजवळील त्रिनिदाद बेट हे त्याचे माहेर होय. तेथील ओढे, झरे व डबकी यांत तो विपुल आढळतो. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ साली व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन करून त्यास पोईसिलिया रेटिक्युलाटा हे शास्त्रीय नाव दिले. पुढे त्रिनिदाद येथील रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांनी या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले आणि १८६६ साली त्यांच्या सन्मानार्थ त्यास नवे नाव देण्यात आले. शास्त्राच्या नियमानुसार आधीचे नाव कायम राहिले, पण लोकांच्या तोंडी 'गप्पी' हेच नाव रुळले. वेस्ट इंडीज बेटांत त्याच्या अफाट संख्येवरून त्याला 'मिलियन्स' म्हणजे 'लक्षावधी' असेही म्हणत.

विसाव्या शतकाच्या आरंभी डासांच्या बंदोबस्तासाठी हा मासा निरनिराळ्या देशांत नेण्यात आला. भारतात तो १९१० च्या सुमारास आला. त्याचाच भाऊबंद असलेला गांबुसिया हा उत्तर अमेरिकेतील मासा १९२८ साली इटलीमार्गे आपल्याकडे आणला गेला. गावोगावी हे दोन्ही मासे पुष्कळदा 'गप्पी' या एकाच नावाने ओळखले जातात. परंतु त्यांच्यात फरक आहे. गांबुसियाचे नर व मादी दोन्ही राखी रंगाचे व साधे दिसतात. गप्पीची मादीही फिकट राखी असते, मात्र नराच्या अंगावर नारिंगी, काळे, निळे असे ठिपके व पट्टे असतात आणि त्याची शेपटी पसरट असते.

पिले घालणारा मासा

राहू, कटला व मृगळ हे आपले परिचित मासे अंडी घालतात. पावसाळ्यात मादी पाण्यात लक्षावधी अंडी सोडते, नर त्यांवर वीर्य सोडतो आणि पुढील सारे नशिबावर अवलंबून राहते. गप्पीची रीत वेगळी आहे. नराच्या पोटाखालील गुदपर लांबट व नळीसारखा झालेला असतो. त्याच्या साहाय्याने वीर्य मादीच्या शरीरात जाते. अंडी मादीच्या पोटातच फळतात, तेथेच त्यांतील बलक खाऊन गर्भ वाढतात आणि साधारण चार आठवड्यांनी पोहणारी जिवंत पिले जन्मास येतात. गाभण मादीचे पोट फुगलेले असून गुदपराजवळ एक काळसर डाग दिसतो. व्यायला आलेल्या मादीत हा डाग अधिक गडद होतो.

एका वेळी मादी साधारण २० ते ५० पिले देते. मोठ्या व पोसलेल्या मादीस १०० पर्यंतही पिले होतात. जन्मतः पिलू जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर असते, पण त्याला आईची गरज नसते. किंबहुना आईपासूनच त्याला धोका असतो, कारण भुकेली मोठी मासळी स्वतःची पिलेही गिळते. दोन ते तीन महिन्यांत पिले वयात येतात. नर सुमारे ३ सेंटिमीटर व मादी सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत वाढते.

या माशाची आणखी एक शक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकदा नराशी संबंध आल्यानंतर मादी त्याचे वीर्य काही महिने आपल्या शरीरात साठवून ठेवू शकते आणि पुन्हा नर न भेटताही वितामागून वीत देते. त्यामुळे एकच गाभण मादी नव्या पाण्यात पडली तरी तेथे गप्पीची वसाहत उभी राहू शकते. विहिरीच्या दृष्टीने हा गुण फायद्याचा आहे. नदीच्या दृष्टीने तोच गुण चिंतेचा आहे.

गप्पीची परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमताही विलक्षण आहे. त्रिनिदादच्या ओढ्यांत जॉन एंडलर या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. ज्या डोहांत मोठे शिकारी मासे होते तेथील गप्पीचे नर फिके होते. शिकारी नसलेल्या पाण्यात नेलेल्या गप्पींचे वंशज थोड्याच वर्षांत अधिक रंगीत झाले. पुढील संशोधनात असेही दिसून आले की, शिकाऱ्यांच्या सहवासातील गप्पी लवकर वयात येतात आणि संख्येने अधिक पण आकाराने लहान पिले देतात. असा लवचिक जीव एकदा मोकळ्या पाण्यात स्थिरावला म्हणजे त्यास बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते.

राहण्याची जागा

उथळ, संथ व कडेला थोडे गवत असलेले पाणी गप्पीस मानवते. २४ ते ३४ अंश सेल्सियस तापमानात त्याची पैदास उत्तम होते. पाणी १० अंशांखाली गेले तर तो तग धरू शकत नाही. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये हवेचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा थंडीत उघड्या व उथळ हौदातील गप्पी दगावण्याचा संभव असतो. खोल विहिरीचे पाणी मात्र जमिनीच्या उबेमुळे इतके थंड होत नाही. उन्हाळ्यातही हाच न्याय लागू पडतो. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उघड्यावरील लहान टाक्यातील पाणी कढत होते आणि मासे मरतात. त्यावर पऱ्हाट्यांचा किंवा पळसाच्या फांद्यांचा मांडव घालणे हितावह असते.

घाण पाणीही गप्पी पुष्कळ सहन करतो. प्राणवायू कमी झाला की तो पृष्ठभागालगत येऊन पाण्याच्या वरच्या पातळ थरातून श्वास घेतो. त्यामुळे गटाराच्या साचलेल्या पाण्यात, जेथे दुसरे मासे जगत नाहीत तेथे, क्युलेक्सच्या अळ्यांविरुद्ध त्याचा उपयोग होतो. एक पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाकाठी ८० ते १०० अळ्या खातो असे मानले जाते. अळ्या नसतील तेव्हा तो शेवाळ, सूक्ष्म जीव व कुजका पाला यांवर निर्वाह करतो. म्हणून त्याला निराळे खाद्य घालण्याची गरज नसते.

मासा कोठे सोडावा

ज्या पाण्याला बाहेर वाट नाही, ते पाणी गप्पीसाठी योग्य, हा सर्वांत सोपा नियम होय. वापरात नसलेल्या विहिरी, बागायतीच्या बांधीव विहिरी, गुरांचे सिमेंटचे हौद, बांधकामाची टाकी, शोभेची कारंजी व बंदिस्त सांडपाण्याचे खड्डे या जागा त्यात येतात. लांबीच्या दर मीटरला ५ ते १० मासे हे प्रमाण पुरेसे असते. चार मीटर लांबीच्या हौदात २० ते ४० मासे सोडावेत. अळ्या फारच दाट असतील तर संख्या वाढवावी. नर व मादी दोन्ही असावेत, म्हणजे पुढील पैदास आपोआप होते.

सोडण्यापूर्वी कडेचे दाट गवत, पाणकणीस व तरंगता कचरा काढून टाकावा. अळ्या अशा आडोशात लपतात आणि तेथे मासा पोहोचत नाही. मासे पिशवीत आणल्यावर ती पिशवी काही वेळ विहिरीच्या पाण्यावर तरंगू द्यावी. दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाल्यावर तोंड उघडून मासे हळूच सोडावेत.

दोन गोष्टींची खबरदारी आवश्यक आहे. पहिली अशी की, पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि तिच्यातील क्लोरीनने गप्पी मरतो. मासा वाचविण्यासाठी पाण्याचे शुद्धीकरण कधीही थांबवू नये. अशा विहिरीवर बारीक जाळी बसविणे हाच योग्य उपाय होय. दुसरी अशी की, फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुऊ नये. कीटकनाशकाचा अल्प अंशही माशांचा नाश करतो. विहिरीतील गप्पी एकाएकी मरून वर आले तर ती धोक्याची सूचना समजावी, ते पाणी माणसांस व जनावरांस देणे थांबवावे आणि त्याची तपासणी करून घ्यावी.

मासा कोठे सोडू नये

पूर्व विदर्भाचे खरे वैभव म्हणजे येथील मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत पूर्वजांनी बांधलेले असे हजारो लहानमोठे तलाव व बोड्या आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे आले. त्यांतून धानाला पाणी मिळते, ढीवर बांधवांना मासळी व शिंगाडा मिळतो, आणि गरिबाच्या ताटात प्रथिने येतात. या तलावांत मरळ, शिंगी, वाम यांसारख्या मोठ्या माशांबरोबर बोटाएवढ्या लहान देशी माशांच्याही अनेक जाती राहतात. गरीब घरात या लहान मासळीचीच भाजी होते.

गप्पी व विशेषतः गांबुसिया अशा पाण्यात शिरले तर ते देशी माशांचे अन्न वाटून घेतात, त्यांची अंडी व नुकतीच फुटलेली पिले खातात. गांबुसिया इतर माशांचे पर कुरतडतो आणि बेडकांची अंडी व बेडूकमासे यांचाही फडशा पाडतो. बेडूक हा शेतातील किडींचा शत्रू असल्याने हे नुकसान अखेरीस शेतकऱ्याचेच असते. निसर्गरक्षणाचे कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांची यादी केली आहे, तीत गांबुसियाचा समावेश आहे. गप्पीही मागे नाही. पुण्याच्या मुळा-मुठेसारख्या नद्यांत तो केव्हाच स्थायिक झाला आहे.

तेव्हा मालगुजारी तलाव, बोडी, नदी, नाला, कालवा आणि नाल्याशी जोडलेली धानाची बांधी यांत गप्पी किंवा गांबुसिया सोडू नये. पावसात भरून वाहणाऱ्या शेततळ्यासही हाच नियम लावावा, कारण तेथून सुटलेली एक मादी पाण्याबरोबर नाल्यात व नाल्यातून तलावात पोहोचते. शेततळ्यात राहू-कटला यांचे बीज वाढवावयाचे असेल तर गप्पी मुळीच नको. शोभेच्या काचपेटीतील नकोसे मासे फुटाळा, अंबाझरी किंवा गावच्या तलावात नेऊन टाकण्याची सवयही सोडली पाहिजे.

मग तलावातील डासांचे काय? त्यासाठी निसर्गाने देशी शिपाई आधीच नेमले आहेत. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला व पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा लहान मासा, दंडावरील थव्याने पोहणाऱ्या चिमुकल्या मासळ्या, चतुराच्या अळ्या व पाणकिडे हे सर्व डासांच्या अळ्यांवर जगतात. निरोगी तलावाच्या मोकळ्या पाण्यात अळ्या क्वचितच आढळतात. त्या सापडतात कडेच्या गुंतलेल्या वनस्पतींत व जनावरांच्या खुरांच्या खड्ड्यांत. कडा स्वच्छ ठेवणे, खड्डे बुजविणे आणि तलावात विषारी सांडपाणी येऊ न देणे एवढे केले तरी देशी मासे आपले काम चोख करतात.

गावचे गप्पी केंद्र

प्रत्येक वेळी शहरातून मासे आणण्यापेक्षा गावातच एक पैदास टाके करणे सोयीचे असते. ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा शाळेजवळ सिमेंटचे टाके घ्यावे. पाण्याची खोली सुमारे एक मीटर ठेवावी. टाक्यास बाहेर वाहण्याची वाट असेल तर तिच्या तोंडाशी मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे. तळाशी थोडी माती व कडेस थोडी पाणवनस्पती ठेवावी, म्हणजे नवजात पिलांना मोठ्यांपासून लपण्यास आसरा मिळतो. टाक्यात मरळ किंवा अन्य शिकारी मासा नसावा; बगळे व खंड्या येत असतील तर वर जाळी ताणावी. अळ्या कमी पडल्यास चिमूटभर धानाचा कोंढा किंवा ढेपेची भुकटी द्यावी; जास्त घातल्यास पाणी नासते. काही महिन्यांत हे टाके गावाच्या सर्व बंदिस्त पाणसाठ्यांना पुरेल एवढे मासे देऊ लागते.

कोणत्या विहिरीत किती मासे केव्हा सोडले याची नोंद वहीत ठेवावी. महिन्याने पुन्हा जाऊन पांढऱ्या वाटीने पाणी काढून पाहावे. त्यात अळ्या दिसल्या तर मासे जिवंत आहेत काय याची खात्री करावी. मासे सोडले म्हणजे काम संपले, असे समजणे योग्य नव्हे. माशांच्या जाती व मत्स्यशेती यांविषयी शंका असल्यास नागपूर येथील तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो. हे महाविद्यालय २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

मर्यादा ओळखाव्यात

गप्पी हा एकटाच रोगराई हटवील, अशी समजूत बाळगणे घातक ठरेल. जगातील या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली पुन्हा प्रसिद्ध केला. मासे सोडल्याने काही पाणसाठ्यांतील अळ्या कमी होतात, परंतु त्यामुळे माणसांतील हिवताप कमी झाला हे दाखविणारा विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही गोष्ट निराश होण्याची नसून सावध राहण्याची आहे. एडिस डास रांजणात, कूलरमध्ये व नारळाच्या करवंटीत वाढतो. तेथे मासा काय करणार? आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करणे हाच तेथील उपाय होय. अळीपासून डास होण्यास आठवड्याच्या आसपास लागतो, म्हणून आठवड्याचा हा नेम चुकवू नये. मच्छरदाणी वापरणे, ताप येताच रक्त तपासून घेणे आणि औषधाचा पूर्ण क्रम संपविणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

खेड्यातील कार्यकर्त्याने या माशाकडे अवजाराप्रमाणे पाहावे. विळा धान कापण्यास उत्तम, पण तो जेथे तेथे चालवून भागत नाही. विहिरीत व हौदात गप्पी घराचा राखणदार ठरतो. तलावात तोच दुसऱ्याच्या ताटातील घास पळवितो. गावातील प्रत्येक पाणसाठ्याची पाहणी करून त्याला बाहेर वाट आहे की नाही एवढे आधी पाहावे आणि मगच माशाची पिशवी उघडावी. एवढा विवेक पाळला तर डासही आटोक्यात राहतील आणि पूर्वजांनी मागे ठेवलेले तलावही आपल्या मासळीसह पुढील पिढीच्या हाती जातील.